दिवा लुकलुकण्यापूर्वी

खेळण्यातील पत्त्याहूनही आकाराने लहान आणि वजनाने जेमतेम २५ ग्रॅम भरणारी एक निळसर पाटी आज अनेक घरांतून आणि शाळांतून मुलांच्या हाती आलेली दिसते. तिच्यावर दोन्ही बाजूंना चौदा-चौदा धातूचे पाय असलेला एक काळा तुकडा बसविलेला असतो. हा तुकडा म्हणजे मायक्रोकंट्रोलर, आपल्या भाषेत सूक्ष्म नियंत्रक. कुंडीतील माती सुकली की पंप चालू करावा, टाकी भरली की तो बंद करावा, खोलीत अंधार पडला की दिवा लावावा, अशी कामे हा नियंत्रक न थकता, न विसरता करीत राहतो. मात्र ती कामे त्याला कोणी तरी आधी शिकवावी लागतात. आणि ही शिकवण त्याच्यापर्यंत पोहोचविण्यासाठी संगणकावर जी साधने मांडावी लागतात, त्यांच्यापाशीच पुष्कळ उत्साही मंडळींची पावले अडखळतात.

पाटी आणली, तारेने संगणकाला जोडली, पुस्तकात दिलेली चार ओळींची आज्ञावली जशीच्या तशी उतरवून काढली आणि पाठविण्याची कळ दाबली. दिवा काही लागत नाही. उलट पडद्यावर तांबड्या अक्षरांत दहाबारा अगम्य ओळी उमटतात. दोन-तीन संध्याकाळी असेच घडले की मूल म्हणते, हे आपल्या बुद्धीचे काम नव्हे, आणि पाटी कपाटाच्या खणात जाऊन पडते. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण आपण सारेच वापरतो. येथे मात्र प्रकार नेमका उलटा असतो. अंगण खरोखरच वाकडे असते, आणि नाचणारा विनाकारण स्वतःच्या पायांना दोष देत बसतो. ते अंगण वाकडे आहे ते नेमके कोठे, हे कसे ओळखावे आणि ते सरळ कसे करून घ्यावे, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे. उदाहरणासाठी मी आर्डुइनो उनो ही पाटी घेतो. कारण नवशिक्यांच्या हाती बहुधा तीच किंवा तिची नक्कल असते.

प्रथम मनात येणारा प्रश्न असा की, या पाटीला शिकविण्यासाठी दुसरा संगणक हवाच कशाला? उत्तर सोपे आहे. या पाटीला पडदा नाही, कळफलक नाही, आणि लिहिण्या-पुसण्यास पुरेशी जागाही नाही. उनोवरील ॲटमेगा ३२८पी या नियंत्रकात आज्ञावली साठविण्याकरिता ३२ किलोबाइट, म्हणजे ३२,७६८ बाइट, एवढीच जागा असते. आणि काम चालू असताना आकडेमोड करण्याकरिता अवघे २ किलोबाइट. ही जागा किती, याची कल्पना यावी म्हणून आपल्या लिपीचेच माप लावू. संगणकाच्या आजच्या रूढ पद्धतीत देवनागरीतील प्रत्येक अक्षरास, आणि प्रत्येक काना, मात्रा, वेलांटीसही, तीन-तीन बाइट लागतात. त्या हिशेबाने या नियंत्रकाच्या संपूर्ण कोठारात अकरा हजारांहूनही कमी चिन्हे मावतील. आजचे हे छोटेसे भाषणदेखील त्यात पुरे बसणार नाही. अशा चिमुकल्या जागेत लिहिण्याचे टेबल आणि भाषांतराची कचेरी मांडता येत नाही. म्हणून लिहिणे आणि भाषांतर करणे ही कामे मोठ्या संगणकावर उरकावयाची आणि तयार झालेला मजकूर तेवढा पाटीवर पोहोचवावयाचा, अशी ही व्यवस्था आहे.

हे पोहोचविणे पूर्वी सोपे नव्हते. ज्या चिपवर आज्ञावली कोरली जाई, तिच्या माथ्यावर क्वार्ट्झची एक लहानशी खिडकी असे. लिहिलेले पुसावयाचे झाले तर ती चिप खाचेतून उपटून काढावयाची, खिडकीवाटे तिच्यावर जंबुपार किरणांचा झोत काही मिनिटे पाडावयाचा, मग वेगळ्या यंत्रात ठेवून नवी आज्ञावली कोरावयाची आणि चिप पुन्हा जागेवर बसवावयाची. एका अक्षराची चूक झाली तरी ही सारी यातायात नव्याने करावी लागे. १९९० च्या दशकात नॉर्वेतील ट्रॉनहाइम येथे शिकणाऱ्या आल्फ-एगिल बोगेन आणि वेगार्ड वोलान या दोघांनी एका नव्या नियंत्रकाची आखणी केली. ॲटमेल या कंपनीने तो बाजारात आणला, आणि हाच पुढे एव्हीआर या नावाने प्रसिद्धीस आला. विजेनेच पुसता येईल आणि विजेनेच पुन्हा लिहिता येईल अशी फ्लॅश स्मृती त्याच्या पोटातच होती. उनोवरील चिप याच घराण्यातली आहे. तिच्यावरील मजकूर दहा हजार वेळा पुसून लिहिता येतो, अशी ग्वाही तिचे निर्माते देतात. दररोज दहा वेळा नवी आज्ञावली चढविली, तरी अडीच वर्षांहून अधिक काळ हा आकडा पुरेल. सबब चूक होईल म्हणून भिण्याचे कारण उरलेले नाही.

चिप सोयीची झाली तरी साधने सोयीची व्हावयाची होती. ते काम इटलीत झाले. उत्तर इटलीत तोरिनोपासून जवळच इव्हरेया नावाचे गाव आहे. टंकलेखन यंत्रांमुळे आपल्याकडील जुन्या कचेऱ्यांतून परिचित असलेल्या ऑलिव्हेटी कंपनीचे हे जन्मगाव; १९०८ साली ती येथे स्थापन झाली. या गावात एकविसाव्या शतकाच्या आरंभी एक अभिकल्प संस्था निघाली. तेथील विद्यार्थी काही विद्युत् अभियंते नव्हते. ते होते कलावंत आणि रचनाकार. त्यांना वस्तूंत हालचाल आणि प्रकाश हवा होता, परंतु त्या वेळी मिळणाऱ्या पाट्या महाग होत्या आणि त्यांची साधने किचकट होती. या संस्थेतील कोलंबियाचा विद्यार्थी एर्नांदो बारागान याने २००३ च्या सुमारास वायरिंग नावाची पाटी आणि तिच्यासोबत सोपे लेखनसाधन तयार केले. त्याच पायावर २००५ साली मासिमो बान्झी, डेव्हिड कुआर्तिएलेस, टॉम आयगो, जानलुका मार्तिनो आणि डेव्हिड मेलिस यांनी आर्डुइनो उभी केली. अकराव्या शतकाच्या आरंभी इटलीचा राजा झालेल्या इव्हरेयाच्या आर्दुइनचे नाव गावातील एका पानगृहास दिलेले होते. तेच नाव या पाटीस मिळाले. उनो हा तिचा २०१० सालचा अवतार. इटालियन भाषेत उनो म्हणजे एक.

आता मूळ विषयाकडे वळू. पडद्यावर दिसते ती एकच खिडकी आणि तिच्यातील एकच कळ. परंतु त्या कळीमागे चार निरनिराळे सेवक उभे असतात. त्यांना आपण लेखनिक, दुभाषी, जासूद आणि देवडीवाला अशी नावे देऊ. या चौघांची ओळख पटली म्हणजे माशी कोठे शिंकली, हे सांगणे अवघड राहत नाही.

पहिला लेखनिक. आर्डुइनो आयडीई नावाची जी मोफत आज्ञावली आपण संगणकावर उतरवून घेतो, तिचे दर्शनी रूप म्हणजे हा लेखनिक होय. त्याच्यापुढे आपण जे लिहितो, त्याचे दोन भाग असतात. पहिल्यास सेटअप म्हणतात. त्यातील हुकूम पाटीस वीज मिळताच एकदाच पाळले जातात. दुसरा लूप, त्यातील हुकूम रहाटाच्या माळेप्रमाणे पुनःपुन्हा, वीज आहे तोवर, पाळले जातात. भाषा सी-प्लस-प्लस या नावाने ओळखली जाणारी, म्हणजे इंग्रजी शब्दांची आणि रोमन लिपीची. मात्र दोन तिरप्या रेघा काढून त्यांच्यापुढे जे लिहावे, ते केवळ माणसांसाठी असते. यंत्र त्याकडे ढुंकूनही पाहत नाही. तेथे मराठी खुशाल लिहावी. ‘येथे पंप सुरू होतो’, ‘हा आकडा वाढविल्यास दिवा सावकाश लुकलुकेल’, अशी टिपणे देवनागरीत लिहिली, तर सहा महिन्यांनी स्वतःस आणि आज शेजारी बसलेल्या धाकट्या भावंडास ती समजतात.

दुसरा दुभाषी, म्हणजेच कंपायलर. नियंत्रकाला केवळ आकड्यांची भाषा कळते. आपला मजकूर त्या आकड्यांत उतरविणे हे दुभाष्याचे काम. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेला जीसीसी नावाचा कंपायलर पुढे अनेकांनी वाढविला; त्याचीच एव्हीआर चिपसाठी सिद्ध केलेली आवृत्ती आर्डुइनोच्या पोटात काम करीत असते. हा दुभाषी मोठा कर्मठ आहे. एक अर्धविराम गळला, एक कंस उघडा राहिला, मोठ्या अक्षराऐवजी लहान अक्षर पडले, तर तो काम थांबवितो. परंतु त्याचा एक गुण असा की, कितव्या ओळीत खटकले ते तो सांगतो. त्याच्या तक्रारी एकाहून अधिक असतील, तर पहिलीच तेवढी वाचावी. मागच्या पुष्कळशा तक्रारी तिचीच पिले असतात. पहिली चूक दुरुस्त केली की बाकीच्या बहुधा आपोआप मिटतात.

तिसरा जासूद. त्याचे नाव एव्हीआरड्यूड. दुभाष्याने सिद्ध केलेला आकड्यांचा खलिता घेऊन यूएसबीच्या तारेने पाटीपर्यंत जाणे आणि तो बिनचूक पोहोचला की नाही, याची खातरजमा करणे ही त्याची कामगिरी. त्याला दोन गोष्टी आधी सांगाव्या लागतात. कोणत्या दाराने जावयाचे, म्हणजे संगणकाचे कोणते पोर्ट. आणि कोणाकडे जावयाचे, म्हणजे कोणत्या जातीची पाटी. या दोहोंपैकी एक जरी चुकले, तरी जासूद रिकाम्या दारावर थापा मारून परत येतो.

चौथा देवडीवाला, म्हणजे बूटलोडर. हा मात्र संगणकावर नसतो, पाटीवरील चिपमध्येच असतो. कारखान्यातच बसविलेली ही अवघ्या ५१२ बाइटांची आज्ञावली आहे. म्हणूनच ३२,७६८ पैकी आपल्या वाट्यास ३२,२५६ बाइट उरतात. पाठविण्याची कळ दाबताच संगणक एका वेगळ्या तारेच्या इशाऱ्याने नियंत्रकास क्षणभर निजवून पुन्हा जागा करतो. जागा होताच देवडीवाला थोडा वेळ, सेकंदाच्या मानाने मोजावा इतकाच, बाहेर कोणी जासूद आला आहे काय, याची चाहूल घेतो. जासूद आला असेल, तर नवा मजकूर उतरवून घेतो. नसेल, तर दार लावून जुनीच आज्ञावली चालू करतो. ही अल्पशी भेट चुकली, तर पडद्यावर ‘नॉट इन सिंक’ असे शब्द उमटतात. म्हणजे जासूद आणि देवडीवाला यांची गाठ पडली नाही, एवढाच त्याचा अर्थ. आपण लिहिलेल्या आज्ञावलीचा, आणि आपल्या बुद्धीचा तर मुळीच, त्यात संबंध नसतो.

श्रोतेहो, आजच्या भाषणातील एकच गोष्ट लक्षात ठेवावयाची असेल, तर ती ही. तांबड्या अक्षरांत आपल्या मजकुरातील ओळीचा क्रमांक दिसत असेल, तर चूक लिहिण्यात आहे. ती शांतपणे शोधावी. परंतु त्या अक्षरांत एव्हीआरड्यूड हे नाव दिसत असेल, तर आपले लेखन दुभाष्याने पसंत केलेले असून दोष बहुतकरून वाटेत आहे. अशा वेळी आज्ञावली पुनःपुन्हा खोडून लिहिण्यात अर्थ नाही. पत्र पोहोचले नाही म्हणून पत्रातील शुद्धलेखन तपासणारा मनुष्य जसा हास्यास्पद ठरेल, तसाच तो प्रकार होय.

साधने मांडावयाची तीही याच क्रमाने मांडावीत, म्हणजे प्रत्येक सेवकाची परीक्षा वेगळी होते. प्रथम आर्डुइनोच्या अधिकृत ठिकाणाहून आयडीई उतरवून घ्यावी. येथे एक विवेक ठेवावा. २०२२ साली आलेली दुसरी पिढी दिसावयास देखणी आहे. परंतु तिला विंडोज १० किंवा त्यापुढील, आणि तेही ६४ बिटांचे, संगणक लागतात. शिवाय प्रथम उघडताच ती उनोसाठी लागणारा दुभाषी आणि जासूद इंटरनेटवरून मागवून घेते. ज्या शाळेतील संगणक जुने आणि जोडणी तुटपुंजी, तेथे पहिल्या पिढीची १.८.१९ ही अखेरची आवृत्ती अधिक उपयोगी पडते; कारण उनोसाठी लागणारे सारे सेवक तिच्या गाठोड्यातच बांधलेले असतात. एकदा ते गाठोडे पेनड्राइव्हवर घेतले की इंटरनेट नसलेल्या खोलीतही वर्ग भरविता येतो.

दुसरी पायरी पाटी न जोडताच करावी. आयडीईबरोबर अनेक नमुने येतात. त्यांतील ब्लिंक नावाचा नमुना उघडावा, पाट्यांच्या यादीतून उनो निवडावी आणि केवळ तपासणीची कळ दाबावी. मजकुराने किती बाइट व्यापले, हे सांगणारी ओळ खाली उमटली, म्हणजे लेखनिक आणि दुभाषी दोघेही कामास लागले आहेत, हे सिद्ध झाले. नमुना हजार बाइटांच्या आतच आटोपतो. येथपर्यंत तारेचा, दाराचा, देवडीचा प्रश्नच आलेला नाही.

तिसरी पायरी जोडणीची. पोर्टांची यादी एकदा पाटी जोडण्यापूर्वी पाहावी आणि एकदा जोडल्यावर. यादीत जे नाव नव्याने आले, ते आपल्या पाटीचे दार. विंडोजमध्ये हे नाव कॉम आणि पुढे एखादा आकडा, असे असते. लिनक्समध्ये त्याचा आरंभ टीटीवायने होतो. नवे नाव आलेच नाही, तर पहिला संशय तारेवर घ्यावा. यूएसबीच्या साध्या तारेत चार धागे असतात. दोन विजेचे, दोन संदेशांचे. परंतु केवळ भ्रमणध्वनीची बॅटरी भरण्यासाठी विकल्या जाणाऱ्या पुष्कळशा स्वस्त तारांत संदेशांचे धागे घातलेलेच नसतात. अशी तार लावली की पाटीवरील विजेचा दिवा ऐटीत लागतो आणि सारे ठीक आहे असा भास होतो. पण संदेश मुळीच जात नाही. आडात नाही, ते पोहऱ्यात कोठून येणार? म्हणून संदेश वाहून नेते अशी खात्री झालेली एक तार निराळी काढून तिला रंगीत दोऱ्याची गाठ मारून ठेवावी. ही क्षुल्लक वाटणारी खबरदारी अनेक संध्याकाळी वाचविते.

तार निर्दोष असूनही दार दिसत नसेल, तर संशय ड्रायव्हरवर. आर्डुइनोचे आराखडे तिच्या कर्त्यांनी सर्वांना खुले केलेले आहेत. त्यामुळे इतरांनी तशीच पाटी बनविणे हा गुन्हा नव्हे, फक्त मूळचे नाव आणि चिन्ह वापरता येत नाही. आपल्या बाजारात येणाऱ्या स्वस्त पाट्या बहुधा अशाच असतात. त्यांच्यावर संगणकाशी बोलण्यासाठी सीएच३४० नावाची वेगळी चिप बसविलेली असते, आणि विंडोजमध्ये तिचा ड्रायव्हर कधी कधी हाताने घालावा लागतो. लिनक्समध्ये तो मुळातच असतो. पण तेथे वेगळी अडचण येते. दार दिसते, परंतु त्यातून जाण्याची परवानगी नसते. उबुंटूसारख्या व्यवस्थेत वापरणाऱ्याचे नाव डायलआउट नावाच्या गटात घालावे लागते आणि एकदा बाहेर पडून पुन्हा आत यावे लागते. २०२२ साली आलेल्या उबुंटूच्या २२.०४ या आवृत्तीत तर याहूनही चमत्कारिक प्रकार आढळला. अंधांसाठी ब्रेल लिपीची उपकरणे ओळखणारी एक सेवा तीत असते. तीच सीएच३४० असलेल्या पाटीला ब्रेलचे उपकरण समजून ताब्यात घेई आणि पाटीचे दार जोडताक्षणीच नाहीसे होई. विद्यार्थी बिचारा आज्ञावलीत चुका शोधीत बसे! अंगण वाकडे असते असे मी आरंभी म्हटले, ते अशा अर्थाने.

दार दिसते, परवानगीही आहे, तरी गाठ पडत नाही, अशा वेळी आणखी तीन गोष्टी पाहाव्यात. एक, ते दार दुसऱ्या कोणी अडविलेले नाही ना. कारण एका वेळी एकच आज्ञावली पोर्ट वापरू शकते. दोन, पाटीवरील शून्य आणि एक या क्रमांकांच्या खाचांत काही तारा खोवलेल्या नाहीत ना. जासूदाचा रस्ता चिपपर्यंत याच दोन खाचांच्या मार्गाने जातो. तेथे दुसरे काही जोडलेले असेल, तर वाट अडते. तीन, पाटीची जात बरोबर सांगितली आहे ना. उनोची धाकटी बहीण म्हणावी अशी नॅनो नावाची पाटी आहे. तिच्या काही नगांत जुना देवडीवाला असतो आणि तो सावकाश बोलतो. नवा सेकंदास १,१५,२०० बिटांच्या गतीने, तर जुना ५७,६०० च्या. जासूद दुप्पट वेगाने बोलू लागला, तर म्हाताऱ्यास काही उमगत नाही. अशा पाटीसाठी यादीत ‘ओल्ड बूटलोडर’ असा वेगळा पर्यायच ठेवलेला आहे. तो निवडला की काम होते.

शेवटची पायरी दिव्याची. उनोवर तेराव्या क्रमांकाच्या खाचेशी एक बारीक दिवा जोडलेलाच असतो. ब्लिंकचा नमुना तो एक सेकंद लावतो, एक सेकंद विझवितो. येथेही एक फसगत संभवते. नव्या पाटीवर हाच नमुना पुष्कळदा कारखान्यातून चढवूनच येतो. तेव्हा दिवा लुकलुकला, एवढ्यावरून आपला हुकूम पोहोचला असे समजू नये. नमुन्यातील एक हजाराचा आकडा, जो मिलिसेकंद दर्शवितो, तो दोन्ही ठिकाणी दोनशे करावा आणि मग पाठवावे. दिव्याची चाल जलद झाली, म्हणजे चारही सेवक आपल्या आज्ञेत आले. लुकलुकणारा दिवा ही तशी क्षुद्र गोष्ट. परंतु ज्या वाटेने ती गोष्ट पाटीपर्यंत पोहोचली, त्याच वाटेने उद्या तापमापकाची, पाणीपुरवठ्याची, घंटेच्या वेळापत्रकाची आज्ञावली जाणार असते.

या साऱ्यासाठी पैसा पडतो तो पाटीचा आणि तारेचा. लेखनिक, दुभाषी, जासूद हे सर्व विनामूल्य आहेत. इतकेच नव्हे, तर ते कसे घडविले, हे कोणासही उघडून वाचता येते. २०२५ च्या ऑक्टोबर महिन्यात क्वालकॉम या बड्या अमेरिकन कंपनीने आर्डुइनो विकत घेण्याचा करार जाहीर केला, तेव्हा पुढे काय होणार, अशी शंका अनेकांनी बोलून दाखविली. कंपनीची मालकी बदलते, धोरणे बदलतात. पण जी साधने खुल्या परवान्याखाली एकदा प्रसिद्ध झाली, त्यांच्या प्रती जगभर पसरलेल्या आहेत आणि त्या परत घेता येत नाहीत. साधने खुली असण्याचा खरा अर्थ असा अडचणीच्या वेळी कळतो.

आपल्या देशात नीती आयोगाच्या अटल नवोन्मेष मोहिमेखाली २०१६ सालापासून शाळांतून टिंकरिंग प्रयोगशाळा उघडण्यात येत आहेत, आणि सहावी ते बारावीच्या मुलांना त्यांत अशा पाट्या हाताळावयास मिळतात. पाटी पुरविणे हे अर्धे काम झाले. पुरविलेल्या पाटीपर्यंत पहिला हुकूम पहिल्याच तासात पोहोचेल, अशी साधनांची मांडणी आधीच करून ठेवणे हे उरलेले अर्धे, आणि ते शिक्षकांनी वा घरातील जाणत्यांनी मनावर घेतले पाहिजे. त्यासाठी अभियंता असण्याची गरज नाही. वर्ग भरण्यापूर्वी एका संध्याकाळी चारही पायऱ्या स्वतः चढून पाहाव्यात. कोणत्या पाटीस कोणता ड्रायव्हर लागला, कोणते पोर्ट आले, कोणती तार चालली, याची नोंद एका वहीत करावी. आणि ती वही पाटीच्याच डब्यात ठेवावी.

मग एखाद्या मुलाच्या पडद्यावर तांबड्या ओळी उमटल्याच, तर त्याला ‘तुला जमत नाही’ असे म्हणू नये. ‘चौघांपैकी कोण अडला आहे?’ असे विचारावे. दुभाषी अडला असेल, तर ओळ वाचावी. जासूद अडला असेल, तर तार, दार आणि पाटीची जात पाहावी. दोष शोधण्याची ही पद्धत एकदा अंगवळणी पडली, म्हणजे ती या पाटीपुरती राहत नाही. बंद पडलेल्या कोणत्याही यंत्रासमोर हताश न होता उभे राहण्याचे बळ ती देते.